लाथ बसल्या दिवशी

दिवाळीचा पाडवा उजाडला तो धुक्यातच. पंचगंगेवरनं उठलेलं धुकं गंगावेशीपर्यंत चढलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे ताकात बुडवल्यासारखे दिसत होते. अशा सकाळी म्हशी आधी ऐकू येतात. खुरांची टपटप, एक जाड फुस्कारा, आणि मग हाताच्या अंतरावर एकदम काळं अंग.

सलिमा जमादार तिच्या तीन म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर पोचली तेव्हा गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. तालमीतनं घाम निथळत आलेली दोन पोरं, कानटोपीतले रिटायर मास्तर, आणि सणाला आलेल्या पाहुण्यांना धारोष्ण दूध पाजायला घेऊन आलेलं एक कुटुंब. सलिमानं ओढणी कानामागं खोचली, चांदी नावाच्या म्हशीच्या कासेवरनं पाण्याचा हात फिरवला आणि खाली बसली. मास्तरांनी पेला पुढं धरला.

धार आली नाही.

चांदीनं पान्हा चोरला होता. कास भरलेली, सड ताठ, पण दूध वर ओढून धरलेलं. म्हैस असं करते तेव्हा मारून उपयोग नसतो आणि गोंजारूनही नसतो. सलिमानं हात काढून घेतला. उठली, कट्ट्याच्या कडेला रोवलेल्या लोखंडी मेखेपाशी गेली, मेखेच्या डोक्यावर तळवा ठेवून पाच-सहा श्वास नुसती उभी राहिली. तालमीतल्या एका पोरानं दुसऱ्याला कोपर मारलं.

"बघ, निघाली मेखंसंगं बोलाय."

"बोलू दे की," शेजारच्या म्हशीखालनं झुंबरबाईचा आवाज आला. "तू आरशासंगं तासभर बोलतोयस ते चालतंय व्हय रं?"

सलिमा परत येऊन बसली. कासेवर हात ठेवला, नुसता ठेवला. चांदीनं एक पाय हलवला, मान खाली घातली, आणि सर्रकन पहिली धार मास्तरांच्या पेल्यात उतरली.

मास्तर ओठांवरचा फेस पुसत म्हणाले, "आज पाडवा. दोन वर्षं झाली न्हवं?"

"व्हय," सलिमा म्हणाली. "ते मेखंला बांधून आलोय. दुसरा पेला धरा."

काय बांधून आली, हे मास्तरांना ठाऊक होतं. कट्ट्यावरच्या सगळ्यांनाच होतं.

पाडव्याला कोल्हापुरातले म्हैसवाले म्हशी भादरून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर काढतात. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फाडफाड करत पुढं, वर मालक, आणि त्या आवाजामागं म्हैस पळत. सलिमाचा नवरा शाहबाज आणि त्याची काजळ ही यातली नावाजलेली जोडी. हजार माणसांच्या गोंगाटात त्यानं नुसती जीभ टाळ्याला लावली तरी काजळ मान वळवायची. दोन वर्षांमागच्या पाडव्याला शाहबाज भर रस्त्यात गाडीवरनं कोसळला. काजळ मागनं धावत येत होती. गर्दीनं पाहिलं ते एवढंच, की खाली माणूस आणि वर म्हैस. 'म्हशीनं तुडवला' ही बातमी त्याचा देह घरी यायच्या आधी घरी पोचली.

तिसऱ्या दिवशी, घरात कुराण वाचायला बायका बसलेल्या असताना, सलिमानं आतनंच भावाला सांगितलं, "ती म्हस माझ्या दारात नको. आत्ता न्या." भाऊ मीरासाब नेसरीचा, शेती करणारा, बहिणीवर जीव टाकणारा माणूस. त्यानं तासाभरात व्यापारी उभा केला. म्हैस विकली तरी मालक दावं देत नाही, दावं घरात ठेवून घ्यायचं असतं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. मीरासाबनं काजळच्या गळ्यातलं दावं सोडून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ती ओरडत गेली म्हणतात. सलिमानं कानांवर हात घेतले होते.

दोन महिन्यांनी तिची मुलगी मुस्कान, नर्सिंगला शिकणारी, हॉस्पिटलचे कागद घेऊन आईसमोर बसली.

"अम्मी, अब्बू गाडीवरच गेलते. काळीज बंद पडलं. अंगावर खुराचा एक वळ न्हाय." मग थांबून म्हणाली, "पानवाले चाचा तिथंच हुते. म्हनत्यात, काजळ आडवी हुभी ऱ्हायलीती. मागच्या म्हशी पळत येत हुत्या, त्यांच्यात आनि अब्बूत."

सलिमानं कागद बघितले नाहीत. गोठ्यात गेली आणि खिळ्यावरचं दावं मांडीवर घेऊन दुपार होईस्तोवर बसली. नवऱ्याचं मरण अल्लाच्या हातात होतं, त्यावर रडून मोकळं होता येत होतं. म्हैस मात्र तिनं विकली होती. त्यावर रडलं तरी मोकळं होता येईना.

नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून ती कट्ट्यावर आली. तोवर तिच्या म्हशी झुंबरबाईचा नवरा पिळत होता. झुंबरबाई साठीच्या पुढची, पाठीत वाकलेली पण जिभेनं ताठ. चाळीस वर्षं तिची म्हैस त्याच जागी उभी राहते. सलिमानं पिळायला घेतलं आणि चांदीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. आठ दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या म्हशीकडं सरकली.

"लोक म्हनत्यात म्हस आटली," झुंबरबाई म्हणाली. "म्हस न्हाय आटली. बोटं बघ तुजी. बोटातनं रडतीयास तू."

"आठवतंय ते आठवतंय, मावशी. मी काय बलवाय जातो व्हय?"

"आठवू दे की. पर म्हशीखाली न्हाय. म्हशीला डोळ्यातलं पानी कळत न्हाय, बोटातलं कळतंय. तुजा त्यो इचार त्या मेखंला बांध, धार काड, मग सोड. मग रेक म्हशीवानी."

"इचाराला काय दावं असतंय?"

"रेडकाला तरी जलमताना असतंय व्हय गं? रोज बांधायचं. मग सवय हुतीया."

सलिमाला ते खुळचटपणाचं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नाही असं बघून, तिनं मेखेला हात लावला. काही झालं नाही. चांदीनं लाथ मारून बादली उलथवली, एवढंच झालं. पंधरा दिवस असंच गेलं. पण म्हशीवाल्या माणसाला एक गोष्ट येते, ती म्हणजे उद्या परत त्याच वेळी, त्याच जागी हात ठेवणं. पहिल्या वेताची, पयलारू म्हैस अशीच माणसात येते. तिथं हुशारी चालत नाही, चिकाटी चालते.

आणि नवीन म्हैस घरात आली की आठ दिवस तिला बघत राहायचं असतं, ती कशाला बुजते, कुठं अडते, केव्हा दावं तोडते. सलिमा आपल्या मनाला तशी बघायला लागली. सायलेन्सर काढलेली गाडी गेली की ते उधळतं. पहिल्या पेल्यावर फेस चढला की अडतं, कारण पहिला पेला शाहबाज प्यायचा. शुक्रवारी दुपारी नुसतंच पाय आखडून बसतं. आणि उधळून जातं कुठं, तर दर वेळी त्याच एका जागी, तू विकलीस. पुढं काही नाही. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या तोंडात नवीन वैरण नसते, सकाळचीच असते. हे कळलं तेव्हा तिला जरा रागच आला, दुःखाचा नव्हे, स्वतःचा. एवढ्या एका वाक्यासाठी आपण आख्खी दुपार घालवतो?

तिनं त्याला वेळ बांधून दिली. धारा झाल्या, कॅनी भरल्या, की उपड्या बादलीवर बसून एक कप चहा. चहा संपेपर्यंत मेख मोकळी. रडू आलं तर रडायचं, काजळ आठवायची, शाहबाजला शिव्या घालायच्या, दवाखाना का दाखवला नाहीस म्हणून. कप रिकामा झाला की उठायचं. पहिल्यांदा चहा गार व्हायचा आणि ती उठायची नाही. पुढं उठायला लागली. मधेच एका गुरुवारी परत दुपारपर्यंत बसली. शुक्रवारी पुन्हा मेखेला हात.

गल्लीला हे झेपलं नाही. वर्ष-दीड वर्षात ती एकदा कट्ट्यावर मोठ्यानं हसली, तर हसणं तिच्या आधी घरी पोचलं. एक लांबची नणंद मुद्दाम येऊन म्हणाली, "बरं हाय बाई तुजं, लौकर इसरलीस."

सलिमा भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "इसरलो न्हाय. दुःख माझं हाय, त्याला वैरण कवा घालायची ते मी ठरवनार. तू येऊन मधीच भारा टाकू नगंस."

नणंद परत आली नाही.

एकदा काजळचं सगळं तिनं झुंबरबाईला सांगितलं. झुंबरबाई ऐकून घेत सड चोळत राहिली आणि मग म्हणाली, "माझी सासू म्हनायची, लाथ बसल्या दिवशी म्हस इकू नये, आनि पान्हा सोडल्या दिवशी घेऊ नये. तीन धारा बघाव्या, मग तोंड उघडावं."

"मग तवाच का न्हाय सांगितलासा?"

"सांगाय आलतो की. तू कानावर हात घेतलतंस."

तर हा पाडवा.

दुपारी चारच्या सुमाराला मिरवणुकीचा गलका दूरवर ऐकू येत होता. सलिमा गोठ्यात शेण ओढत होती. दारात गाडी थांबली. मीरासाब आला होता, आणि त्याच्याबरोबर एक पस्तिशीतला, पांढऱ्या कपड्यातला, गोड चेहऱ्याचा माणूस. त्यांच्या मागं दावं धरून आणखी एक जण, आणि दाव्याला काजळ.

शिंगांना रुपेरी रंग, कपाळावर कवड्यांची पट्टी, भादरलेलं अंग तेलानं चमकत होतं. तिनं नाकपुड्या फुगवल्या, दावं ओढत पुढं आली आणि थेट सलिमाच्या खांद्यावर जबडा टेकला. सलिमाच्या हातातलं फावडं पडलं.

"ह्ये आदर्श," मीरासाब म्हणाला. "काजळ आता ह्यांच्याकडं असतीया. व्यापाऱ्याकडनं ह्यांनीच घेतली. ह्यांचं जरा ऐकून घे."

आदर्शनं हात जोडले. "भाभी, मी शाहबाजभाईंच्या मागं म्हस पळवत मोठा झालोय. सरळ बोलतो. कट्ट्यावरची तुमची जागा मला पायजे. त्याच्या बदल्यात काजळ घ्या. आजच, आत्ताच. बाकीच्या म्हशी तुमच्याच ऱ्हाऊ देत."

"चारी घेऊन नेसरीला चल," मीरासाब म्हणाला. "माझा गोठा रिकामा हाय. मुस्कानचं कॉलेज गडहिंग्लजला बघू. हितं एकटी पहाटचं उठून किती दिस करनार? बघ, मुक्या जनावराला बघून कसं हुतंय तुजं. मेखंला हात लावून माणूस बरा हुतोय व्हय? लोक हसत्यात मला."

आदर्शनं गड्याच्या हातातलं दावं घेतलं आणि सलिमापुढं धरलं. दावं हातात घेतलं की सौदा झाला, हे सांगायची गरज नव्हती.

कट्ट्यावरची जागा कुठल्या कागदावर नसते. रोज पहाटे म्हैस तिथं उभी राहते म्हणून ती जागा तुमची. चार दिवस सोडली की दुसऱ्याची, आणि मग जन्मात परत नाही. ती जागा म्हणजे मुस्कानचं इथलं शिक्षण, आणि सलिमाचं स्वतःच्या पायावरचं उभं राहणं. आणि समोर काजळ, गरम श्वास टाकणारी. दीड वर्ष रोज चहाच्या कपाबरोबर जिची माफी मागितली ती, जिभेनं तिचा दंड चाटत उभी.

सलिमाचा हात पुढं गेला. चांगला वीतभर गेला.

मग थांबला. मेख कट्ट्यावर राहिली होती. तिनं तोच हात गोठ्याच्या दाराच्या चौकटीवर ठेवला. पाच-सहा श्वास घेतले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"आज न्हाय," ती म्हणाली.

"मंजे नको म्हनतीयास?" मीरासाब म्हणाला.

"नको बी आज म्हनायचं न्हाय."

"ह्यो काय पोरखेळ? पावणं दारात हुभं हाय. एक तर व्हय म्हन, न्हायतर न्हाय म्हन."

"भाई, आज पाडवा हाय. सकाळी मला आठवनीची लाथ बसलीया आनि आता ही म्हस अंगाला लागून पान्हा सुटलाय. दोन्ही एका दिवशी. असल्या दिवशी मी मिठाची पुडी बी इकत घेत न्हाय."

"डोकं ठिकाणावर न्हाय तुजं."

"तेच सांगतोय की. न्हाय ठिकाणावर. म्हनून आज ठरवनार न्हाय." मग ती भावाकडं वळली. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या दारातल्या बायका ऐकायला बाहेर आल्या. "तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, न्या. तू तासाभरात व्यापारी आनलास. लई माया तुजी. पर तवा तू म्हनायला पायजे हुतंस, सलिमा, आज न्हाय. तू तसं म्हनला न्हाईस. आता माझं मीच म्हनतो."



आदर्श हसून म्हणाला, "भाभी, मला दुसरी जागा बी मिळंल. मग म्हस घावायची न्हाय."

"मिळाली तर घ्या, पावणं. चौथ्या दिशी या. न्हाय आलासा तरी माझ्या म्हशी पिळायच्या ऱ्हात न्हाईत."

ते काजळला घेऊन निघाले. या वेळी सलिमानं कानांवर हात घेतले नाहीत. दारात उभी राहून ती शेवटपर्यंत बघत राहिली. कोपऱ्यापर्यंत काजळ मागं बघत, पाय ओढत गेली. कोपऱ्यावर आदर्शनं गाडी चालू केली, फाडफाड आवाज झाला, आणि काजळनं शेपूट वर करून त्या आवाजामागं धाव घेतली. कुणी मारलं नव्हतं, ओढलं नव्हतं.

सलिमानं ते बघितलं आणि फावडं उचललं.

मीरासाब रागानं गावी जाणार होता, पण गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणीच्या मागोमाग कट्ट्यावर आला आणि मफलर गुंडाळून बाजूला बसला. चांदीखाली बसताना सलिमानं प्रश्न समोर घेतला, कट्टा की काजळ? उत्तर आलं, काजळ. संध्याकाळच्या धारेलाही काजळ. झुंबरबाई म्हणाली, "दोन झाल्या. आनि एक."

"ह्या न्हाय धरायच्या मावशी. दोन्ही नासल्या."

"का गं?"

"काजळ म्हनताना बोटं कापत हुती. मला म्हस नकोय, माफी पायजे हाय."

झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलं आणि परत सडांकडं वळली. तिला यापुढं शिकवण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, कट्टा. हात शांत होता. संध्याकाळी मास्तरांनी नातवाच्या बारशाची गोष्ट सांगितली, ती हसली, त्याच्यामागनं उत्तर आलं, कट्टा. चौथ्या दिवशी सकाळी धुकं नव्हतं, गिऱ्हाईक बेताचं, काही विशेष नाही असा दिवस. कट्टा. तिनं कॅनी बंद केल्या, बादली उपडी घातली, चहा प्यायली, कप विसळला.

दुपारी आदर्श आला. सलिमा वैरण कापत होती, मीरासाब पेंड्या लावत होता.

"जागा देत न्हाय," ती विळा न थांबवता म्हणाली. "आनि काजळ बी नको."

"काजळ बी?" आदर्श खरंच चकित झाला. "अहो, तुमी रडत हुता की तवा."

"रडत हुतो. पर मी बघितलं बी. तुमच्या गाडीमागं ती आपल्या मनानं पळाली. तिचं बरं चाललंय. माझ्या जिवाला गार वाटावं म्हनून तिनं परत दावं बदलायचं व्हय? ऱ्हाऊ दे तिथंच. सरकी भिजवून घाला, कोरडी घातली की ती पोट धरून बसतीया."

आदर्श जायला वळला. मग पायताण घालता घालता म्हणाला, "किती वेळ भिजवायची?"

"रातभर."

तो गेल्यावर मीरासाबनं आणखी दोन-चार पेंड्या लावल्या. शेवटी म्हणाला, "आनि उद्या परत रडू आलं तर?"

"येतंय की. चहाच्या वक्ताला येतंय. येऊ दे."

"नेसरीला येत न्हाईस मग."

"उन्हाळ्यात येतो, आंबं खायाला. म्हशी मावशीचा मालक पिळंल चार दिस. जागेवर म्हस हुभी असली म्हंजे झालं."

त्यानं मान हलवली. पटलं होतं असं नाही. पेंड्यांचा ढीग झाला होता आणि भारा बांधायची दोरी कुजून मधेच तुटली होती. सलिमानं इकडं तिकडं पाहिलं, गोठ्यात गेली, खिळ्यावरचं दावं काढलं, धूळ झटकली आणि वैरणीखालनं सरकवलं.

"अगं, ते काजळचं..." मीरासाब म्हणाला.

"दावं हाय, भाई," ती म्हणाली. "त्या बाजूनं गुडघा लाव. आवळून घ्यायचाय."